फाटकाबाहेरचे रान

बुलढाणा जिल्ह्यात वन्यप्राणी कुठे दिसतात असे विचारले, तर लोक ज्ञानगंगा अभयारण्याचे नाव सांगतात, कोणी सातपुड्याच्या पायथ्याचे अंबाबरवा सांगतो, कोणी लोणारचे विवर. देऊळगाव राजाचे नाव सहसा निघत नाही. हे गाव बालाजीचे, दसऱ्याच्या यात्रेचे आणि लाटा मंडपोत्सवाचे. जिजाऊंच्या सिंदखेड राजाला जाताना वाटेत लागणारे. तालुक्यात एकही अभयारण्य नाही, जीपचे तिकीट देणारी खिडकी नाही, पिवळ्या अक्षरांची, वाघाचे चित्र काढलेली कमान नाही. तरीही मला वाटते, महाराष्ट्राच्या कोरड्या पठारावरचे वन्यजीवन खरोखर समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात अशाच तालुक्यापासून करावी, आणि त्यासाठी सर्वांत योग्य वाहन सायकल आहे. एकट्याने किंवा दोघातिघांनी, गाइडशिवाय, आपल्या वेळेने आणि आपल्या जबाबदारीवर. हे म्हणणे काहींना भाबडे वाटेल, काहींना धोक्याचे वाटेल, आणि रात्र रात्र पीक राखणाऱ्या शेतकऱ्याला कदाचित चीड आणणारेही वाटेल. त्या तिन्ही हरकतींत तथ्य आहे. म्हणूनच बाजू नीट मांडायला हवी.

आधी भूगोल. बुलढाणा जिल्ह्यातली माणसे आपल्या मुलखाचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. खामगाव, मलकापूर, नांदुरा घाटाखाली, तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात. चिखली, मेहकर, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा घाटावर, जिथले पाणी गोदावरीकडे वाहते. देऊळगाव राजाची नदी ही दुसरी पूर्णा, इथे तिला खडकपूर्णा म्हणतात. देऊळगाव मही गावाजवळ ती अडवली आहे आणि त्या जलाशयाला संत चोखासागर हे नाव आहे, कारण चोखोबांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणा राजा याच तालुक्यात येते. नदीकाठी काळी कसदार जमीन, थोडे वर गेले की मुरमाड हलकी रानं, त्याहून वर नुसते माळ. सोयाबीन, कपाशी, तूर, हरभरा ही नेहमीची पिके. शिवाय जालन्याच्या बियाणे कंपन्यांसाठी भाजीपाल्याचे बीजोत्पादन करणारी शेडनेटची पांढरी घरे दूरवरून चमकतात. या सगळ्याच्या मधून ओढे जातात, ओढ्यांना बाभळी आणि निंबाची झाडी असते, गावाला गायरान असते, बांधावर बोरी असतात, आणि कुठे तरी एखादा खडकाळ तुकडा असतो जिथे नांगर कधीच चालला नाही. नकाशावर हे तुकडे इतके बारीक की ते हिरव्या रंगात दाखवलेले नसतात. काळवीट, रोही, रानडुक्कर, कोल्हा, खोकड, तडस, ससा, सायाळ, मुंगूस, घोरपड यांचा संसार नेमका याच तुकड्यांवर चालतो.

भारताच्या एकूण भूभागापैकी राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये मिळून सुमारे ५ टक्के जमीन आहे. बाकीच्या ९५ टक्क्यांत प्राणी नसतात असे आपण गृहीत धरतो, कारण तिथे त्यांना पाहायला आपण जात नाही. हे गृहीतक किती कच्चे आहे ते अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात दिसून आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावले. दाट वस्ती, बागायती शेती, जंगल म्हणावे असे काही नाही, आणि तरी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे आणि जवळपास तितकीच तडसे निघाली. त्याहून थक्क करणारी हकीकत तर थेट बुलढाण्याशी जोडलेली आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. जूनअखेर तो बाहेर पडला, तेलंगणात गेला, परत महाराष्ट्रात आला, आणि डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. नऊ महिन्यांत त्याने ३,००० किलोमीटरहून अधिक चाल केली. कागदोपत्री तो टी-१-सी-१, वनखात्यातल्या लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. पुढे मार्च २०२१ मध्ये त्याची छबी गौताळा अभयारण्याच्या कॅमेऱ्यात आली. नकाशा उघडून टिपेश्वर, ज्ञानगंगा आणि गौताळा यांना जोडणारी रेघ ओढून पाहावी. मधे शेते आहेत, रस्ते आहेत, गावे आहेत. दिवसा नाल्यातल्या झुडपात पडून राहायचे आणि रात्री चालायचे, असा त्याचा क्रम होता. इतक्या वस्त्यांजवळून जाऊनही माणसांशी त्याची गाठ जवळजवळ पडलीच नाही.

वाघ अपवाद आहे. देऊळगाव राजाच्या रस्त्यावर वाघ दिसेल असे मी कोणालाही सांगणार नाही. पण वाघाच्या कॉलरने जे सिद्ध केले ते लहान प्राण्यांच्या बाबतीत रोजचे आहे. त्यांची घरे कुंपणाबाहेर आहेत. लांडग्याचेच पाहा. भारतीय लांडगा हा दाट जंगलाचा प्राणी नव्हेच. तो माळाचा, मेंढपाळांच्या वाटांचा, शेतीच्या कडेचा. त्याचा बहुतेक वावर अभयारण्यांच्या बाहेर आहे. काळविटासाठी वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, पण ते जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरचे कळप काही त्या १८ चौरस किलोमीटरांत मावत नाहीत. आपली अडचण अशी की ज्या जमिनीवर हे प्राणी जगतात तिला सरकारी दप्तरात फार काळ पडीक म्हटले गेले. देशातल्या पडीक जमिनींचे जे नकाशे २००० सालापासून निघाले, त्यांत झुडपी माळ आणि चराऊ रानेही मोजली गेली. एकदा पडीक म्हटले की तिथे काहीही उभारायला मन मोकळे होते. माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नजला अभयारण्य झाले तरी माळढोक महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला. माळ नुसता कागदावर राखून चालत नाही. त्याकडे पाहणारी, त्याची किंमत जाणणारी माणसे लागतात. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला गवताळ रानांची सफारी सुरू केली त्यामागे हीच जाण आहे. तो उपक्रम चांगला आहे. फक्त प्रत्येक तालुक्यात असे केंद्र निघेपर्यंत थांबण्याचे कारण मला दिसत नाही.

आता सायकल कशासाठी? गतीसाठी. ताशी ८० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. ताशी १५ किलोमीटरने चालणारी सायकल त्याच सेकंदात जेमतेम ४ मीटर. रस्त्याकडेच्या झाडीत ५० मीटरची मोकळी फट असेल आणि त्या फटीतून माळावरचा कळप दिसत असेल, तर मोटारीतल्या माणसाला त्यासाठी दोन सेकंद मिळतात, आणि तेही तो त्याच वेळी त्याच बाजूला पाहत असेल तर. सायकलवरच्या माणसाला बारा सेकंद मिळतात आणि थांबायचे ठरवले तर हवा तितका वेळ. सिंदखेड राजा तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० आहे, दोन्ही बाजूंना कुंपण आहे, दुचाकींना बंदी आहे. प्राण्यांसाठी त्या मार्गावर भुयारे आणि पूल ठेवले आहेत ही चांगली गोष्ट. पण त्या रस्त्यावरून हजारदा गेलेल्या माणसालाही बुलढाण्याचा माळ कळणार नाही. पायी चालणे सायकलीपेक्षाही चांगले, हे मान्य. पण पायी माणूस सकाळच्या थंड वेळात आठ-दहा किलोमीटर जातो. सायकलीने तितक्याच वेळात तो नदीकाठ, शेती, गायरान आणि माळ असे चारही पट्टे ओलांडतो, आणि प्रत्येक पट्ट्यातले प्राणी वेगळे आहेत, हेच तर इथे समजून घ्यायचे आहे.

शिवाय सायकलीला काच नाही आणि इंजिनाचा आवाज नाही. कोरड्या मुलखात निम्मे प्राणी आधी ऐकू येतात. तित्तराची खणखणीत साद, टिटवीचा कालवा, मोराची केका, तिन्हीसांजेची कोल्हेकुई ऐकून मान वळते आणि मग डोळे शोधू लागतात. टिटवी ओरडू लागली की जमिनीवर काही तरी फिरते आहे एवढे तरी नक्की. रस्त्याच्या कडेला एकाच जागी लेंड्यांचा मोठा ढीग दिसला तर ती बहुधा रोह्यांची ठरलेली जागा असते. ते वारंवार तिथेच येतात. हाडे चावणाऱ्या तडसाची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते. धुळीच्या वाटेवर पहाटेचे ठसे उन्हे चढेपर्यंत टिकतात, मग ट्रॅक्टर येतो. हे सगळे मोटारीतून दिसणे अशक्य. हिवाळ्यात तर आकाशही वाचावे लागते. मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी जमिनीलगत संथ गिरक्या घेत नाकतोडे आणि टोळ टिपतात, रात्री गवतातच मुक्काम करतात. चोखासागरासारख्या जलाशयांवर याच दिवसांत चक्रवाक आणि स्थलांतरित बदके उतरतात. ती पाहायला दुर्बीण हवी, आणि दुर्बीण स्थिर धरायला थांबता येणारे वाहन हवे.

स्वतंत्रपणे फिरण्यावर मी भर देतो तेव्हा सफारी नको असे मला म्हणायचे नाही. सफारीने ताडोब्याभोवतीच्या शेकडो घरांना रोजगार दिला आहे. पण सफारीत एक गोष्ट अशी आहे की जिची काळजी वाटते. पैसे मोजलेले असतात, वेळ ठरलेली असते, म्हणून प्राणी दिसलाच पाहिजे असा हट्ट तयार होतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात एफ-२ ही वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली, आणि पर्यटकांच्या गाड्यांनी पुढून-मागून तिची वाट अडवली. चित्रफीत सगळीकडे गेली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. त्या गाड्यांतले सगळे लोक दुष्ट होते असे नाही. ठरलेल्या चार तासांत काही तरी दिसावे ही अपेक्षा माणसाला तिथपर्यंत नेते. सायकलने एकट्या निघालेल्या माणसाला कोणीही काही कबूल केलेले नसते. आज काहीच दिसले नाही तर उद्या त्याच वाटेने पुन्हा जाता येते. एकाच वाटेने वर्षभर जाणाऱ्याला पेरणीच्या वेळी, पीक उभे असताना आणि रान मोकळे झाल्यावर प्राण्यांच्या जागा कशा बदलतात ते कळू लागते. हे ज्ञान एका दिवसाच्या तिकिटावर मिळत नाही.

पहिली गंभीर हरकत प्राण्यांच्या बाजूने येते. सायकल निरुपद्रवी असते हे कशावरून? यावर अमेरिकेच्या युटा राज्यातला अँटिलोप बेटावरचा अभ्यास बोलका आहे. ऑड्री टेलर आणि रिचर्ड नाइट यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या कामात बायसन आणि हरणांसारखे प्राणी पायी माणसाला कसा प्रतिसाद देतात आणि सायकलस्वाराला कसा, हे मोजले. दोहोंत फारसा फरक निघाला नाही. वाटेपासून १०० मीटरच्या आत असलेल्या प्राण्याने पळ काढण्याची शक्यता सुमारे ७० टक्के होती, आणि माणूस वाट सोडून आत शिरला की हरणांच्या एका जातीत ती ९६ टक्क्यांवर गेली. आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पर्यटकांना विचारले तेव्हा निम्म्याच्या आसपास लोक म्हणाले की आपल्यामुळे प्राण्यांना काही त्रास होत नाही, आणि आपण किती जवळ गेलेले चालेल याचा त्यांचा अंदाज प्राणी सहन करतात त्या अंतरापेक्षा बराच कमी होता. म्हणजे सायकलीला आपोआप पुण्य लागत नाही. काळवीट मान वर करून रोखून पाहू लागले, चरणे थांबले, की आपण आधीच फार जवळ आलेलो असतो. पळणे म्हणजे प्राण्याच्या अंगातली ताकद खर्च होणे. उन्हाळ्यात, पाण्याच्या टंचाईत, हा खर्च लहान नसतो.

पण त्याच अभ्यासातून उपायही निघतो. वाट सोडायची नाही. आपल्या माळांवर तर याला दुसरे कारणही आहे. टिटवी, चंडोल, धाविक असे कितीतरी पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती खड्यांच्या रंगाची असल्याने चाकाखाली जाईपर्यंत दिसत नाहीत. म्हणून माळावर सायकल घालण्याची जी हौस हल्ली जाड टायरांच्या सायकलींमुळे वाढली आहे, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. गाडीवाट आणि गावरस्ता पुरेसा आहे. त्या वाटांवरून बैलगाडी, दूधवाला, शाळेची पोरे रोज जातात. प्राण्यांना त्या हालचालीची सवय असते. सरळ पुढे चालत राहणाऱ्या माणसाकडे ते बऱ्याचदा दुर्लक्ष करतात, थबकून रोखून पाहणाऱ्याला भितात. थांबायचेच असेल तर आधी दूर, झाडाच्या आडोशाला. राजस्थानात भरतपूरचे केवलादेव उद्यान सुमारे २९ चौरस किलोमीटरचे, १९८५ पासून जागतिक वारसा स्थळ. तिथे लोक सायकलीने आणि सायकलरिक्षाने फिरतात, आणि रिक्षा ओढणारेच पक्ष्यांची माहिती सांगणारे जाणकार झाले आहेत. ठरलेल्या वाटेवर राहणाऱ्या सायकली आणि हजारो पक्षी एकत्र नांदू शकतात, याचा इतका जुना दाखला आपल्याच देशात आहे.

दुसरी हरकत जिवाची. ती अतिशयोक्त असते, पण खोटी नसते. धोका मात्र लोक समजतात तिथून येत नाही. ज्ञानगंगेच्या बाजूला, बुलढाणा-खामगाव रस्ता ज्या जंगलातून जातो तिथे अस्वल आहे, आणि अस्वल या भागात बिबट्यापेक्षा अधिक भीतिदायक मानले जाते ते योग्यच. त्याची नजर अधू असते, ते खाण्यात गुंग असते, आणि अगदी जवळ माणूस अचानक आला की पळण्याऐवजी अंगावर येते. इथे सायकलीचा जो गुण, तोच दोष होतो. तिचा आवाज होत नाही. जून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या माँटाना राज्यात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानालगत एक सायकलस्वार वळणावर ग्रिझली अस्वलावर जाऊन आदळला आणि मारला गेला. चौकशीत वेग आणि वळणापुढचे न दिसणे ही कारणे पुढे आली. त्यावरून घ्यायचा धडा साधा आहे. दाट झाडीत आणि वळणावर वेग कमी, घंटी वाजती, आणि पहाटे-संध्याकाळी तो रस्ता टाळायचा. अभयारण्याच्या आत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचेच नाही, तो कायदा आहे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा सायकलने, बहुतांश एकटीने केली तेव्हा कॅनडात ग्रिझलीने त्यांचा पाठलाग केला होता. पण त्या प्रवासात त्यांना चाकूचा धाक दाखवून लुटले ते स्पेनमध्ये, माणसांनी.

देऊळगाव राजाच्या घाटावरच्या रानात धोक्यांची उतरंड लावायची तर सर्वांत वर वाहने येतात. दिवा नसलेली ट्रॉली, कडेचा घसरता मुरूम, संध्याकाळी डोळ्यांवर येणारे ऊन. जालना-चिखली महामार्ग शक्य तितका टाळून आतल्या गावरस्त्यांनी जावे ते याचसाठी. त्यानंतर मोकाट कुत्री. कुत्रे मागे लागले की जोरात पायडल मारणे ही नेमकी चुकीची गोष्ट. उतरून सायकल मधे धरली आणि चालू लागले की बहुतेक कुत्री थंड पडतात. तिसरा धोका असा की ज्याचा शहरातल्या माणसाला अंदाजच नसतो. रानडुकरांसाठी काही ठिकाणी शेताच्या तारेत बेकायदा वीज सोडलेली असते. अंधारात कोणाच्याही शेतात पाऊल टाकू नये, लघवीला थांबायचे तरी रस्त्याच्या कडेलाच. साप, विंचू यांचा क्रम यानंतर लागतो, आणि पावसाळ्याबाहेर सकाळच्या उजेडात डांबरी रस्त्यावर राहणाऱ्याला त्यांची बाधा क्वचितच होते. काळवीट, कोल्हा, तडस, लांडगा यांच्याकडून मोठ्या माणसाला दिवसाउजेडी असलेली भीती या सगळ्यांपेक्षा कितीतरी कमी आहे.

हे सगळे शहरी शौकिनांचे, महागड्या सायकलींचे वेड आहे असेही म्हटले जाते. मला ते पटत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात सायकल शौकाची नव्हतीच कधी. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, आणि गाव ते हायस्कूल हे अंतर त्या रोज कापतात. सकाळच्या शाळेला निघालेल्या मुलीला कुठल्या वळणावर रोही आडवे येतात, कुठल्या विहिरीवर मोर असतात हे तोंडपाठ असते. पूर्वी दूधवाले आणि पोस्टमन यांना ते असे. हे लोक वन्यजीव अभ्यासक म्हणून कधी गणले गेले नाहीत, पण कुंपणाबाहेरच्या प्राण्यांची खरी माहिती त्यांच्याकडेच आहे. शाळांनी ती वहीत उतरवून घ्यायचे ठरवले तर खर्च काहीच नाही. दोन हजारांची जुनी सायकल आणि पंक्चरचे सामान एवढ्यावर हा प्रवास होतो. मुलींनी आणि स्त्रियांनी अशा वाटांवर एकट्याने फिरण्याबद्दल जी काळजी व्यक्त होते ती खरी आहे, पण त्यावरचा उपाय त्यांना घरी बसवणे हा नव्हे. रस्त्यावर सायकली वाढणे हा आहे. जिथे दहा मुली रोज जातात तिथे अकरावीला भीती कमी वाटते.

तिसरी हरकत मला सर्वांत जड वाटते, कारण ती ज्यांच्या शिवारातून आपण जातो त्यांची आहे. सायकलवरून येणाऱ्याला हरणांचा कळप सुंदर दिसतो. शेतकऱ्याला तोच कळप उगवलेला हरभरा कुरतडताना दिसतो. रानडुकरे एका रात्रीत मका लोळवतात, रोही तुरीत शिरतात, आणि थंडीत जागलीला माळ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत झोप नसते. पंचनामा होऊन भरपाई मिळते, पण ती वेळेवर आणि पुरेशी मिळत नाही ही तक्रार गावोगावी आहे. अशा माणसासमोर निसर्गप्रेमाचे व्याख्यान देणे हा उद्धटपणा होईल. सायकलस्वारामुळे हा प्रश्न सुटत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पण सायकलस्वाराला तो प्रश्न कळतो, सफारीच्या जीपमधल्या पर्यटकाला तो कळण्याची सोयच नसते. जीप फाटकातून आत जाते आणि फाटकातून बाहेर येते. मधे शेतकरी लागत नाही. सायकल मात्र बांधाबांधाने जाते, चहाला गावात थांबते, पाणी मागायला आखाड्यावर जाते. तिथे ऐकायला मिळते की कळप कुठून येतो, गायरानावर अतिक्रमण झाल्यापासून तो शेतात कसा वाढला, ओढ्यातली झाडी तोडल्यावर डुकरे कुठे गेली. प्राणी आणि शेतकरी यांच्यातला तंटा बऱ्याच अंशी या मधल्या जमिनी आक्रसल्याचा तंटा आहे, ही गोष्ट पुस्तकात वाचून पटते त्यापेक्षा अशा आखाड्यावर अधिक पटते. ज्याने फक्त कळपाचे छायाचित्र घेतले आणि बांधावरच्या माणसाशी दोन शब्द बोलला नाही, त्याने अर्धाच मुलूख पाहिला.

गर्दी होईल ही शंकाही कोणी घेईल. एखाद्या माळाचे नाव झाले की चारचाक्या येतात, बाटल्या पडतात, ड्रोन उडतात. म्हणून लांडग्याची गुहा, घुबडाची ढोली, भोवत्यांच्या मुक्कामाची जागा यांचा अचूक ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये. तालुक्याचे नाव पुरे. शिवाय मी देऊळगाव राजाला या, एवढेच म्हणत नाही. मोताळ्याच्या माणसाने मोताळ्याचे माळ पाहावेत, परतूरच्या माणसाने परतूरचे. सगळ्यांनी आपापल्या तालुक्यात सायकल काढली तर कुठेच गर्दी होणार नाही.

प्रत्यक्ष निघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मार्चपासून घाटावरही ऊन सोसत नाही आणि पाण्याजवळ येणाऱ्या प्राण्यांना तेव्हा आपली अडचण सर्वांत जास्त होते. देऊळगाव राजाहून देऊळगाव महीकडे जाऊन चोखासागराचा काठ पाहता येतो. जवळच्या मेहुणा राजाला जाऊन परत फिरता येते. सिंदखेड राजा साधारण १५ किलोमीटरवर, तिथे लखुजी जाधवरावांची समाधी आणि राजवाडा. ज्याच्या पायांत अजून दम आहे त्याने मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लोणार गाठावे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर २०२० मध्ये रामसर यादीत आले, आणि त्याच्या उतारावरच्या झाडीत मोर, वानरे, घोरपडी आहेत. बरोबर दुर्बीण, दोन बाटल्या पाणी, पंक्चरचे सामान, मागे लाल दिवा आणि एक वही घ्यावी. वहीत तारीख, जागा, प्राणी किती, तो काय करत होता, आणि आपण किती अंतरावर असताना त्याने मान वर केली, एवढे लिहावे. पुढच्या वेळी त्या अंतराच्या अलीकडेच थांबता येते. वाटेत जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसला तर त्याला हात लावू नये, गर्दी जमू देऊ नये. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, तो फिरवावा आणि माणसे येईपर्यंत दुरून लक्ष ठेवावे.